निळा ड्रेस अजून बसतो

४ जानेवारी
स्तनाच्या ऑपरेशनला वर्ष झालं. गाठ गेली, केस परत आले. आज तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रिपोर्ट चांगले आहेत, पण वजन वाढलंय, कंबर वाढलीय, साखर काठावर आलीय. पाळी गेल्यानंतर पोटावरची चरबी ह्या आजाराला खतपाणी घालते म्हणे. चाला, गोड कमी करा. परत येणारच नाही अशी हमी कुणी देत नाही, पण शक्यता कमी करणं थोडंफार तुमच्या हातात आहे, असं म्हणाल्या.

त्यांचा वजनकाटा बिघडलाय. बोलले नाही, बाई मनाने चांगल्या आहेत. माझा निळा ड्रेस आजारपणाच्या आधीचा आहे आणि आजही अंगाला बरोब्बर बसतो. काटा खोटं बोलेल, कापड कशाला बोलेल?

तरी उद्यापासून चालणार. मला जगायचंय.

५ जानेवारी, सकाळ
चालायला बूट नाहीत. चपलांनी गुडघे जातात.

९ जानेवारी
बूट आणले. घरातल्या घरात घालून बघितले. दमले.

१७ जानेवारी
जिन्यात काडी भेटली. शेजारणीचं हे नाव मीच ठेवलंय, अंगाने तशीच आहे. रोज वाईन पिते, तळलेलं खाते, आणि तिला काही झालं नाही. मी दारूला कधी शिवले नाही. ह्या शरीराला जन्मभर वेळेवर खाऊ घातलं, कधीकधी वेळेआधीही, आणि त्याने मलाच दगा द्यावा? फार संताप आला. संतापात चालणं हृदयाला वाईट, म्हणून गेले नाही. केकचा एकच तुकडा खाल्ला. तोही काडीनेच दिलेला, तेव्हा तो तिच्या खात्यावर.

२ फेब्रुवारी
नवऱ्याचं खाली टेलरिंगचं दुकान आहे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही. आज म्हणाले, दुकान लवकर बंद करतो, दोघं चालून येऊ. मी त्यांच्यासमोर निळ्या ड्रेसमध्ये गिरकी घेतली आणि विचारलं, मला गरज दिसते का? मास्तर मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागले. दोरा आधीच ओवलेला होता. वय झालं बिचाऱ्यांचं.

१२ मार्च
साखर आणखी चढली. डॉक्टरीणबाईंची कंबर मोजायची टेपसुद्धा बिघडलेली निघाली. शेवटी न राहवून सांगितलं की हा ड्रेस बघा, जुना आहे. कुणी शिवला, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने, मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी टेप गुंडाळून खणात ठेवली.

१३ मार्च
इस्त्रीसाठी ड्रेस उलटा केला. शिंपी कपड्यात माया ठेवतो, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड. तिथे जुन्या टाक्यांच्या भोकांची एक ओळ दिसली. तिच्या बाहेर दुसरी. तिच्या बाहेर तिसरी. शिंप्याच्या बायकोला ह्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. कपाटातले सगळे कपडे उलटे करून बघितले. सगळे उसवून सैल केलेले. पँटचं इलॅस्टिकसुद्धा बदललेलं.

शरीराने दगा दिला ते एकवेळ सोसलं. पण ह्या माणसाने?

मास्तरांनी लगेच कबूल केलं. ऑपरेशननंतर मी आरशासमोर ड्रेस घालताना रडले होते, आता हाही माझा राहिला नाही म्हणून. ते त्यांना बघवलं नाही. एक दुःख पुरे, असं वाटलं म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टर मला जिवाचं सांगत होत्या आणि तुम्ही माझे डोळे शिवून टाकलेत. आता मी त्यांच्याशी बोलणार नाही.

१४ मार्च
बोलावं लागलं. ड्रेस होता तसा, पहिल्या शिलाईवर करून द्या, असं बजावलं. महिन्याभरात त्यात मावून दाखवते.

१५ मार्च
ड्रेस घालून बघितला, फक्त अंदाज घ्यायला. दोन्ही हात वर, डोकं आत, पुढे नाही, मागे नाही. तसंच मास्तरांना हाक मारली. त्यांनी कात्रीने शिलाई उसवून मला बाहेर काढलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

२३ मार्च
उसवलेला ड्रेस मास्तरांनी परत सैल शिवला होता, चालताना तोही काचतो, म्हणून दुकानात गेले. म्हटलं, शेवटचं एकदा, चालण्यापुरता सैल करून द्या. मास्तरांनी ड्रेस उलटा करून माझ्या हातात दिला. आत कापडच उरलं नव्हतं. जेवढं होतं तेवढं सगळं देऊन झालं, म्हणाले.

भर दुपारी त्यांनी शटर ओढलं. वर जाऊन माझे बूट घेऊन आले. त्यांचा जुना शर्ट अंगात घालून मी नाक्यापर्यंत गेले. ते मागून. वाटेत मी दोनदा थांबले, दोन्ही वेळा बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने.

बूट चावतात. जानेवारीपासून घरात आहेत, पण नवेच आहेत. टाचेला फोड आलाय. उद्याचं काही लिहीत नाही.