आईच्या उजव्या डोळ्याबद्दल

बाबा,

आई गेली. परवा तिची तेरवी झाली आणि नागपुरातल्या महाल भागातले तुमचे जुने पेशंट जेवायला आले होते. हात धुऊन निघताना एकेक जण माझ्यापाशी थांबला आणि तुमच्याबद्दलच बोलला. डॉक्टरसाहेबांच्या हाताला काय गुण होता, नुसत्या चेहऱ्यावरून रोग ओळखायचे, असा माणूस आता होणे नाही. तेरवी आईची आणि कौतुक तुमचं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तिच्या वाट्याचं अजून तुम्हीच घेता. मी हात जोडून सगळ्यांना निरोप दिला, नंदनवन वस्तीतल्या माझ्या दोन खोल्यांचं दार लावलं आणि लिहायला बसले. तुम्हाला राग येईल असंच लिहायचं आहे. राग येण्याखेरीज घरात तुम्ही दुसरं काही मन लावून केल्याचं मला आठवत नाही.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी आई बोलायची थांबली. उशिरा राहिलेलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ती हातात कंगवा घेऊन बसायची आणि तासाभराने पाहावं तर कंगवा तसाच हातात. आजूबाजूच्या बायकांनी गंडेदोरे सुचवले, ते तुम्ही उडवून लावलेत, एवढं श्रेय तुमचं. तुम्ही दवाखान्यातून एक बाटली आणलीत. उदासीवरच्या नव्या गोळ्या. "सकाळी एक, संध्याकाळी एक. महिनाभरात फरक पडेल," म्हणालात, आणि खरंच पडला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तिने स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं, ओले केस पाठीवर सोडून माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बस वं इथं, वेणी घालून देतो तुले." तिच्या गावाकडे बायकाही असंच 'देतो' म्हणतात. मला रडू आलं. गोळीने ती उठली हे मी नाकारत नाही, कारण तिनेही ते शेवटपर्यंत कधी नाकारलं नाही. गोळीबद्दल माझी तक्रार नाही.

त्या गोळीने आणखी काय काय होऊ शकतं, हे तुम्ही तिला सांगितलं नाहीत. मी विचारलं होतं. दवाखान्यात तुमच्या टेबलाशी उभी राहून विचारलं होतं, आणि तुम्ही हसून म्हणालात, "बायकांना परिणाम सांगितले की ते व्हायला लागतात." समोर बसलेले पेशंटही हसले. तुमच्या विनोदाला पेशंट नेहमीच हसायचे, त्यांना औषध हवं असायचं.

मे महिना होता. आईची जीभ टाळूला चिकटायची, बोलता बोलता ती थांबून पाणी प्यायची. "नागपूरचा उन्हाळा आहे, सगळ्यांचंच तोंड कोरडं पडतं," तुम्ही म्हणालात. पोट चार-चार दिवस साफ होत नसे, ते ती तुम्हाला सांगायला लाजायची, मला सांगायची. जमिनीवरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती भिंत धरून उभी राहायची. कप देताना हात थरथरायचा. ती बरी होते आहे हे पाहून तुम्ही संध्याकाळची गोळी दुप्पट केलीत. लहानपणापासून तिला जाड भिंगांचा चष्मा होता. आता त्या चष्म्यातूनही जवळचं दिसेना. माहेरहून, रामटेककडून आलेला तांदूळ ती सुपात घेऊन निवडायची आणि खडे तसेच राहायचे. एका दुपारी तुमच्या दाताखाली खडा आला. तुम्ही ताट सरकवलंत आणि म्हणालात, "गोळ्या खाऊन तब्येत सुधारली, आता लक्षही सुधार." मी खाली वाकून सांडलेला भात गोळा केला आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ताक पीत होता.

आता ती संध्याकाळ. ही मी तुम्हाला सावकाश सांगणार आहे, कारण तुम्ही तेव्हा ऐकली नाहीत. दिवेलागण झाली आहे. तुम्ही आरामखुर्चीत रेडिओ लावून बसलेला आहात. आई स्वयंपाकघरातून येते, वरच्या बल्बकडे बघते, चष्मा पुसते, पुन्हा बघते.

"अहो, मले दिव्याभोवती रंगीत कडं दिसून राहिलं. कालही दिसलं होतं. अन् डोळा जड पडला."

तुम्ही रेडिओचा आवाज कमी न करता म्हणता, "मले नाही, मला. दिसून राहिलं नाही, दिसतंय. वीस वर्षं झाली डॉक्टरच्या घरात येऊन."

आई म्हणते, "मला दिसतंय."

"हां," तुम्ही म्हणता आणि बातम्या ऐकू लागता.

एवढंच. ती पुन्हा आत जाते. तुमच्या शिक्षणाचा, तुमच्या काचेच्या कपाटातल्या जाड पुस्तकांचा आणि भिंतीवरच्या त्या चौकटीतल्या पदवीचा सगळा उपयोग त्या संध्याकाळी एक प्रत्यय सुधारण्यापुरता झाला.

पुढच्या आठवड्यात तिचा उजवा डोळा लाल झाला. अर्धं डोकं फुटायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. तुम्ही म्हणालात पित्त, आणि पित्ताची पुडी दिलीत. दुसऱ्या दिवशीही पित्तच. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर तिने हात कपाच्या बाजूला, रिकाम्या हवेत नेला. मग डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून ती म्हणाली, "तू अथीच उभी हायेस नं? मले दिसून नाही राहिली." मी पुढच्या खोलीत, तुमच्या दवाखान्यात धावले. तुम्ही कुणाची तरी छाती तपासत होता. मी सांगितलं, आईला एका डोळ्याने दिसत नाही. तुम्ही कानातली नळी न काढता बोट दाराकडे केलंत. पेशंट असताना आत यायचं नाही, हा घरचा नियम होता आणि आई तुमची पेशंट नव्हती. तुम्ही तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलंत ते चौथ्या दिवशी, दुपारचं जेवण आणि झोप झाल्यावर.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, तुमच्याहून बरेच ज्युनियर. तुम्ही त्यांना आल्या आल्या तुमचं कॉलेजचं वर्ष सांगितलंत. त्यांनी मान डोलावली आणि आईला खुर्चीत बसवलं. पापणीवरून बोटांनी डोळा दाबून पाहिला, टॉर्च मारला. बाहुली मोठी होऊन थिजली होती. त्यांनी विचारलं, "काही औषध चालू आहे?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात. "टॉनिक वगैरे."

मी तुमच्या शेजारी उभी होते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला खोटं बोलताना पाहिलं, आणि आश्चर्य वाटलं ते त्यातल्या सफाईचं. डॉक्टरच्या बायकोला उदासीच्या गोळ्या लागतात हे बाहेर कळू नये, यासाठी तुम्ही तिचा डोळा देऊन टाकायला तयार होता. पण आई खुर्चीतून बोलली. घसा खरवडून, थांबत थांबत, पण स्पष्ट. "साहेब, मी गोळ्या खातो. उदासीच्या. सकाळी एक, संध्याकाळी दोन. तीन महिने झाले."

डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचं सौजन्य. ते आईशीच बोलत राहिले. म्हणाले, "बाई, या गोळ्यांनी बहुतेकांच्या डोळ्यांना काही होत नाही. पण तुमच्या डोळ्यातलं पाणी निचरायची वाट मुळातच अरुंद आहे. गोळीने बाहुली मोठी झाली, ती वाट बंद पडली आणि आत दाब वाढला. आधी दिव्याभोवती रंगीत कडी दिसली होती का?"

"दिसली होती. सांगतलंही होतं."

"मग?"

"मग यायनं माही भाषा सुधारली."

उजवा डोळा गेला. दाब उतरला, दुखणं थांबलं, नजर परत आली नाही. डाव्यात त्यांनी छोटं ऑपरेशन करून पाण्याला वाट करून दिली आणि तो वाचला. कडी दिसली त्याच आठवड्यात आणलं असतं तर दोन्ही वाचले असते, असं ते मला व्हरांड्यात म्हणाले, तुम्हाला नाही. तुम्ही तेव्हा वॉर्डात तिच्या खाटेशी वाकून म्हणत होता, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस." पट्टी बांधलेल्या डोळ्याने ती तुमच्याकडे वळली. "डोळा माहा गेला," ती म्हणाली, "अन् अब्रू तुमची गेली काय?"

घरी आल्यावर तुम्ही बाटली मोरीत रिकामी केलीत. एका दिवसात सगळ्या गोळ्या बंद. तीन महिने रोज घेतलेलं औषध असं तोडलं तर काय होतं, हेही तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी तिला घाम फुटायला लागला, मळमळायचं, झोप उडाली, भांडं पडलं तरी ती दचकून उभी राहायची. दोन आठवड्यांत पुन्हा तो कंगवा हातात आणि ती गप्प. "सवय लागली होती," तुम्ही म्हणालात. मीच मामाला पत्र टाकलं. तो शेतीचा माणूस, उभ्या उभ्या आला, पायातली धूळ झटकून तुमच्या दवाखान्यातच शिरला. "भाऊजी, माहा बैल खाली बसला तं मी पहिले त्याच्याकडे पायतो. तुमी आमच्या बाईकडे काहून नाही पाहिलं?" पेशंट बसलेले होते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मामाने तिला सरकारी दवाखान्यातल्या मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी, थोडी थोडी वाढवत दिली. कोणता त्रास काही दिवसांत आपोआप जाईल, कोणता झाला तर धावत यायचं, आणि मनाने बंद मात्र करायची नाही, हे सगळं त्यांनी तिला समजेल असं सांगितलं, तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. ती पुढे कित्येक वर्षं त्यांच्याबद्दल एकच सांगायची: "त्यानं मले इचारलं." दीड वर्षाने गोळ्या हळूहळू उतरवत बंद झाल्या. एका डोळ्याने तिने माझं लग्न पाहिलं, माझं मोडलेलं लग्नही पाहिलं, आणि म्हातारपणी खूप हसली. तुम्ही गेल्यानंतर जास्त.

तुमच्या शेवटच्या वर्षात तुम्हाला ब्लडप्रेशरची गोळी लागली होती. उठताना चक्कर येते म्हणालात आणि दोन दिवसांत ती बदलून घेतलीत. तुमची चक्कर खरी होती. तुमच्या शरीरात जे होतं ते सगळं खरं असायचं. मी तुमचा तिरस्कार करते असं लिहावं म्हणते, पण तिरस्काराला समोरचा माणूस काही एका उंचीचा लागतो. तुम्ही एक बरा वाचलेला, बहिरा माणूस होता.

गेल्या वर्षीपासून मीही उदासीच्या गोळ्या घेते. मला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी आईच्या डोळ्याचं ऐकलं आणि आधी माझे डोळे तपासायला पाठवलं, मगच कागदावर औषध लिहिलं. गोळ्यांनी मला बरं वाटतं. थोडं वजन वाढलं आहे, सकाळी झापड असते, ते मी त्यांना सांगते आणि त्या लिहून घेतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. या डॉक्टरबाईंच्या ओपीडीत सकाळी सातपासून रांग असते. पहिल्या दिवशी मी तासभर उभी राहिले, पाय दुखायला लागले, आणि खिडकीतल्या सिस्टरला मी तुमचं नाव सांगितलं. मी त्यांची मुलगी, म्हणाले. त्या सिस्टरची आई तुमची पेशंट होती. तिने मला सगळ्यांच्या पुढे आत घेतलं. तेव्हापासून दर महिन्याला मी तुमचंच नाव सांगते.