विलायतेतल्या मुलावरचे माझे भाषण

सोलापूर,
बुधवार, ९ फेब्रुवारी १९७७

तीर्थरूप संगप्पामामांस शिवयोगीचे शरणार्थ आणि (चूक कबूल करायची असल्यामुळे) जास्तीचा एक दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? मुलगा म्हणून अव्वाची तब्येत विचारायचा मला सध्या अधिकार नाही, तरी ती नीट जेवते का, एवढे कळवावे.

रविवारी पहिल्या एस.टी.ने ती ट्रंक घेऊन अक्कलकोटला तुमच्याकडे का आली, हे तिने सांगितले नसेल. ती सांगणारही नाही. म्हणून मी सांगतो.

आमच्या फिल्म सोसायटीचा मी चिटणीस आहे (सभासद एकोणतीस, चित्रपट समजणारे दोन, मी त्यांत नाही). शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये एक इंग्रजी चित्रपट होता. विलायतेत जाऊन राहिलेले आपल्याकडचे एक कुटुंब, आणि घरात एक भाषा, शाळेत दुसरी अशा कात्रीत वाढणारा त्यांचा मुलगा. प्रास्ताविक माझ्याकडे होते. मी चार दिवस आरशासमोर तयारी केली. "दोन संस्कृतींमध्ये अडकलेले बालमन" हे शब्द भाषणात पाच ठिकाणी घातले आणि पाचही ठिकाणी त्यांचा माझ्याशी काही संबंध असेल अशी शंका मला आली नाही.

वास्तविक अप्पा गिरणीत कामाला लागले आणि विजापूरकडून आम्ही इकडे आलो, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. शाळेत पहिल्याच दिवशी "भाकरी संपला" म्हणालो आणि वर्षभर माझे नाव 'भाकरी' पडले. त्यानंतर मराठी अशी घोटली, की आज ऑफिसात साहेबांच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारतो (साहेबांना ते आवडत नाही). कन्नड मात्र जुन्या सदऱ्यासारखे फक्त घरात वापरतो.

तर भाषण ऐन रंगात आले असताना पहिल्या रांगेतून हाक आली, "शिव्या, कुडिलिक्क नीर अदावेनो?" प्यायला पाणी मागणारी ती अव्वा होती! मुलाचे भाषण ऐकवायला तुमच्या भाचेसुनेने, नीलम्माने, तिला आणले होते. इरकली नेसून, ठेवणीतले दागिने घालून बसली होती. हॉल हसला. अध्यक्षांनी विचारले, या बाई कोण? आणि मामा, माझ्या तोंडून निघाले, "शेजारच्या आहेत." (पाणी मी लगेच नेऊन दिले. तिने घेतले नाही.)

मग चित्रपट. त्यात शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभ्या असलेल्या आईला तो मुलगा ओळख दाखवत नाही, मित्रांबरोबर सरळ पुढे जातो. मी खुर्चीत इतका खाली सरकलो, की मागच्या गृहस्थांना पडदा पहिल्यांदाच पुरता दिसला.

शेवटी चर्चा असते. कुणी बोलत नाही, त्यामुळे ती दोन मिनिटांत आटोपते. त्या दिवशी अव्वा उठली. इंग्रजीचे एक अक्षर न कळता म्हणाली, "पोरगं वाईट न्हाय. लोक हसतील म्हून भ्या वाटतंय त्याला. पर आईला समदं कळतंय की. लांबनंच कळतंय." अध्यक्ष भारावले. आपण कुठे राहता, म्हणाले. अव्वाने माझ्याकडे बोट केले. "ह्यांच्या शेजारी. एकाच घरात."

कुणी हसले असते तर बरे झाले असते. मी उभा राहिलो आणि एवढ्या वर्षांच्या घोटलेल्या मराठीत म्हणालो, "हा माझी आई." पण उशीर झाला होता. अव्वा चपला घालून बाहेर पडली होती.

तुमचा,
शिवयोगी

ता. क. : हे पत्र खुशाली कळवण्यासाठी नाही. अव्वाला परत पाठवा. नीलम्मा माझ्याशी आता फक्त कन्नड बोलते, तेही मुद्दाम भरभर.

आणखी ता. क. : नीलम्माने पत्र वाचले. म्हणाली, एवढे कागद भरून स्वतःची गंमत केलीत, माफीचे वाक्य कुठे आहे? मी शोधले. नाही. लिहायला बसलो तर कागदावर उतरेना. म्हणून रविवारी स्वतःच येतो. त्या दिवशी अव्वाला कुठे जाऊ देऊ नये. (हे पत्र मीच बरोबर आणणार असल्यामुळे ही विनंती तुम्ही वाचाल तेव्हा मी दारातच उभा असेन.)