तांब्याचं वेटोळं आणि स्वयंपाकघरातला नळ

एल बोल्सोन, १२ नोव्हेंबर

तीर्थरूप हर्मिनिया आत्यास अन्सेल्मोचा वाकून दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? बाहिया ब्लांकाच्या वाऱ्यात दुपारी ओसरीवर बसू नका असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तुम्ही ऐकलं नसणार, हेही मला ठाऊक आहे. मांजराचा खोकला थांबला का? इकडे आम्ही खुशाल आहोत. नेलिदाही खुशाल आहे. (हे वेगळं का लिहावं लागलं ते पुढे कळेलच.)

एकोणतीस तारखेला नेलिदाला साठ वर्षं पूर्ण होतायत. पाहुणे चाळीस. त्यांच्यासाठी बिअर मी स्वतः घरी करणार, असं मी चारचौघांत जाहीर करून बसलो. (पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी जाहीर केल्याशिवाय करमत नाही.) सातू आले, हॉप्सची कडू फुलं आली, मुलाला अंघोळ घालता येईल एवढं पातेलं आलं. पण आत्या, सातूचा काढा तासभर उकळला की तो झटपट गार करावा लागतो, नाहीतर नासतो. त्यासाठी तांब्याच्या नळीचं एक वेटोळं मिळतं. ते काढ्यात बुडवायचं, एक टोक नळाला जोडायचं, दुसरं मोरीत सोडायचं. आतून गार पाणी फिरतं आणि काढा निवतो. वाचायला किती सोपं आहे पाहा! मलाही वाचताना सोपंच वाटलं होतं.

आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला मात्र कुणाशीच सोयरीक करायची नव्हती. क्लोतिल्दाबाईंच्या हार्डवेअरच्या दुकानातून आठवडाभरात सात कपलिंगं आणली. एक सैल, एक घट्ट, एकाचे आटे बाहेरून तर नळाचेही बाहेरून. (दोन्हीकडे वरपक्षच, लग्न लागणार कसं?) शेवटी मी मापासाठी नळाच्या तोंडात मॅकरोनी घातली आणि ती रुमालात गुंडाळून दुकानात नेली. बाईंनी ती चष्मा लावून पाहिली आणि म्हणाल्या, "अन्सेल्मो, पास्ता समोरच्या दुकानात. आणि नळाचं म्हणशील तर रुफिनोला विचार."

रुफिनो म्हणजे माझा मेहुणा, नेलिदाचा धाकटा भाऊ, गावातला सगळ्यात हुशार प्लंबर. आमचं तीन वर्षं बोलणं नाही. त्रुकोच्या, म्हणजे पत्त्यांच्या डावात तो माझा भिडू होता आणि जिथे खूण म्हणून भुवई उडवायची तिथे त्याने नाक खाजवलं, त्यात आम्ही हरलो. मी त्याला बोललो, तो मला बोलला. तेव्हापासून चर्चमध्येही आम्ही दोन टोकांना बसतो आणि मधे बसून नेलिदा दोघांकडेही बघत नाही. त्याला नळ दाखवायचा म्हणजे नाक खाजवणं बरोबर होतं असं लिहून देण्यासारखंच!

तेव्हा रविवारी मी सायकलची ट्यूब कापली, नळावर चढवली, वर दोन क्लिपा आवळल्या. काढा रटरटत होता. नेलिदा दारात उभी राहून म्हणाली, "अहो, हे टिकेल का?" मी म्हटलं, "सत्तावीस वर्षं टपाल खातं सांभाळलंय मी." आणि नळ सोडला.

पहिलं मिनिट फार सुंदर गेलं. मग ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगली. मी ती दोन्ही हातांनी धरली, जोर लावला, आणि आत्या, नळच हातात आला. पाणी सरळ छताला! मी तळहात लावला तर ते तिरकं होऊन नेलिदाच्या तोंडावर. मेन कॉक कुठे आहे ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो ज्याने बसवला होता त्याला नेलिदाने ओरडूनच फोन केला.

रुफिनो चार मिनिटांत आला, घरातल्या सपाता घालूनच. कपाट सरकवून त्याने कॉक बंद केला. मग खिशातून एक पितळी कपलिंग काढून टेबलावर ठेवलं. अगदी मापाचं. क्लोतिल्दाबाई त्याला रोजची बातमी देत होत्या म्हणे.

"सोमवारपासून खिशात घेऊन फिरतोय, दाजी," तो म्हणाला. "एक हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?"

पण काढा तसाच वाफाळत होता आणि घरात आता थेंबभर पाणी नव्हतं. रुफिनोने पातेल्याला हात लावून पाहिला, बोट चोखलं आणि म्हणाला, "ओढ्यावर!" झाकण घट्ट बांधून आम्ही पातेलं ढकलगाडीत घातलं आणि घरामागच्या उतारावरून धावत सुटलो. (धावत नव्हतो खरं तर, गाडी पळत होती आणि आम्ही तिला लोंबकळत होतो.) बर्फ वितळून आलेल्या त्या पाण्यात पातेलं ठेवलं, आणि ते वाहून जाऊ नये म्हणून दोघं दोन कान धरून मांडीभर पाण्यात उभे राहिलो. पाच मिनिटांत पाय बधिर झाले. दहाव्या मिनिटाला मी म्हटलं, "त्या डावात तुझ्या नाकाला खरंच खाज आली होती का रे?"

"माशी बसली होती, दाजी!" तो किंचाळला. "तीन वर्षं हेच सांगायचंय मला!"

मग आम्ही इतके हसलो की पातेलं दोनदा सुटलं. नेलिदा काठावर टॉवेल घेऊन उभी होती. ती आधी आम्हाला मूर्ख म्हणाली आणि मग रडली. काढा गार झाला, आता पिंपात बुडबुडतोय, आणि वास तर असा सुटलाय की शेजारी उगीचच साखर मागायला येतात.

तब्येतीला जपा. मांजराला माझा आशीर्वाद.

तुमचा लाडका भाचा,
अन्सेल्मो

ता. क. नेलिदा उद्याच्या बसने तुमच्याकडे यायला निघते आहे. तिला चार दिवस विश्रांती हवी आहे. चार नको आत्या, निदान दहा दिवस तरी ठेवून घ्या. गुडघा दुखतोय म्हणा, मांजर अत्यवस्थ आहे म्हणा. नवा नळ बसवताना रुफिनोला आणि मला वाटलं की आतला पाइपही बदलून टाकावा, त्यासाठी थोडी भिंत फोडली, आणि आता चुलीपाशी उभं राहिलं की आमचा पलंग दिसतो. तिने अजून पाहिलेलं नाही. मधे चादर लावली आहे.

ता. क. दुसरा. रुफिनोने आत्ताच छताला हात लावून पाहिला; भिजून ते मधोमध खाली झुकलंय. तो म्हणतो, वाढदिवस तुमच्याकडेच करू या. पाहुणे आणि पिंप घेऊन आम्ही येतो.