बेचाळिसावा तारा

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, वेधशाळेत दीर्घिकांची अंतरं मोजते. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहता फ्लॅट धाकट्या बहिणीला. आईच्या हयातीत विकू नये. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवला की बंद होतो. प्लंबरशी वाद घालू नये, मी घालून पाहिला आहे.

२. माझ्या मोजमापांच्या वह्याही तिलाच. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. त्या कालावधीवरून त्यांचं खरं तेज कळतं; इथून ते किती मंद दिसतात हे मोजलं की अंतर निघतं. मी मोजते त्या दीर्घिकेत असे बेचाळीस तारे आहेत. एक्केचाळीस जागेवर आहेत. बेचाळिसाव्याचं अंतर दर वर्षी कमी भरतं. आलेखाची रेघ आज शून्याला टेकते.

३. विभागप्रमुख म्हणाले होते, "एकामुळे सरासरी बिघडते. काढून टाक." त्यांना माझा खोडरबर द्यावा. न वापरलेला आहे.

४. बाबा याच वेधशाळेत मेकॅनिक होते. तळघरातल्या बोगद्यात हातदिवा घेऊन चालत जायचे आणि ओरडायचे, "ठमे, किती लांब?" मी उजेडावरून सांगायची, "साठ पावलं." "बरोबर. दिवा ओळखीचा असला की फसायला होत नाही." त्या दिव्याची वायर सैल होती. भपकन उजळायचा, हळूहळू उतरायचा, उतरताना एकदा अडखळायचा. दिव्याला जे सात सेकंदांत, ते बेचाळिसाव्याला सात दिवसांत.

एकोणीस वर्षांपूर्वी बाबा केबल तपासायला त्या बोगद्यात गेले. त्याला दार एकच आहे. ते बाहेर आले नाहीत. त्यांना मृत ठरवण्याच्या अर्जावर मी सही केलेली नाही, करणारही नाही.

५. बहीण म्हणाली, "ताई, तो तारा आहे गं. बाबा नाहीत." मी वह्या पुढे केल्या, "तूच मोज." तिने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा माझाच आकडा आला. मी आज आत जात आहे. परतले नाही तर तिने मागे येऊ नये. ही अट आहे, विनंती नाही.

ठिकाण: वेधशाळेचं तळघर, बोगद्याच्या दाराशी.
मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपारी बारा.
(सही)

साक्षीदार १: शेजारच्या मावशी. पोरीला थांब म्हटलं. ऐकलं नाही. (सही)

साक्षीदार २: वेधशाळेचा इलेक्ट्रिशियन. बाईंच्या सांगण्यावरून तळघराची वीज मी सकाळीच तोडली. बोगद्याच्या दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात सही केली. (सही)