गेमचा खर्च वगळून

३ फेब्रुवारी, सोमवार
आज घरी आलं ते: लॅपटॉपची माहितीपत्रकं सात, किंमत शून्य. शंभर पानी वही एक, चाळीस. लाल पेन एक, दहा. पायांत गोळे, दोन्हीकडचे, फुकट.
लॅपटॉप लेकीला हवा आहे. ती गेमसाठी झाडं आणि दगड बनवते, कॉम्प्युटरवर. दगडांचा पगार मिळतो यावर सहा महिने माझा विश्वास नव्हता, पण पासबुकात दिसतो. आता कंपनीनं कळवलंय, स्वतःचं दणकट मशीन घ्या. वीस तारखेच्या चाचणीत ते पास झालं तर घरून काम करा, नाहीतर कंपनीत या. कंपनी रेल्वेनं चौदा तास.
म्हणजे लेक घरात राहणार की नाही, ते एका यंत्रावर आलं. खरेदी अर्थात मी करणार. या घरात माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय सुईसुद्धा आलेली नाही. बजेट साठ हजार. संकल्प: त्यातलेही पंधरा वाचवायचे.

५ फेब्रुवारी
लेकीनं कागदावर लिहून दिलं. रॅम बत्तीस, ग्राफिक्स कार्ड वेगळं, आठ जीबीचं. किंमत ब्याऐंशी हजार! वरचे बावीस ती हप्त्यांनी भरणार म्हणे. म्हटलं, हप्ता हा शब्द देवासमोर काढू नकोस.
हे पेपरामागून म्हणाले, जिचं काम तिला कळतं. ह्यांनी एकदा स्वतःच्या अकलेनं छत्री आणली होती. ती अजून उघडायची आहे.

८ फेब्रुवारी
दुकानदाराला तासभर पिळला. लेकीच्या पसंतीच्या लॅपटॉपवर चक्क ‘गेमिंग’ लिहिलेलं, आणि बटणांखाली लाल-हिरवे दिवे. विचारलं, हे कार्ड नेमकं कशाला? म्हणाला, गेम मस्त पळतात, मावशी. झालं, पितळ उघडं पडलं. कार्डाशिवायचा दुसरा त्रेचाळीस हजार. म्हणजे एकोणचाळीस हजार निव्वळ खेळाचे. काम वेगळं, खेळ वेगळा. कामाचे पैसे देऊ, खेळाचे का द्यायचे?

९ फेब्रुवारी, सकाळी
तरी शेवटचा शब्द देवाचा. स्नान करून दोन चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्यांदा ब्याऐंशी निघाला. घडी नीट नव्हती, धरला नाही. दुसऱ्यांदाही तोच. तेव्हा आठवलं, स्नानानंतर मी दूधवाल्याच्या सुट्ट्या पैशांना हात लावला होता. हात धुऊन तिसऱ्यांदा उचलली. त्रेचाळीस! देव मनापासून विचारलं की ऐकतो.

१२ फेब्रुवारी
आणला. त्रेचाळीसचे बेचाळीस केले. बॅग आणि माऊस फुकट. लेक सध्या मैत्रिणीच्या मशीनवर काम करते. ती संध्याकाळी आली, लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, आई, कार्ड? म्हटलं, ते गाळायला लावलं. तिनं लॅपटॉप मिटला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. भारावली असावी.
रिकामा खोका कापून फडताळात अंथरला.

१५ फेब्रुवारी
तिनं एक झाड उघडलं. पाच मिनिटांत यंत्र इस्त्रीसारखं तापलं. एक पान हलायला सतरा मिनिटं. म्हटलं, वारा नसेल तर पान खरंही हलत नाही, घाई कसली? लेक म्हणाली, आई, मी झाडं गेमसाठीच बनवते, गेमचं कार्ड म्हणजेच माझ्या कामाचं कार्ड. हे मला आधी कुणी एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. ती म्हणते, तीनदा सांगितलं.
टेबलफॅन लावून दिला. खाली स्टीलचं ताट. थोडा फरक आहे, असं मला वाटतं.

१७ फेब्रुवारी
दुकानात परत घेऊन गेले. खोक्यासकट असेल तर आठ दिवसांत घेतात. खोका चिकटवून नेला होता. त्यावर तेलाच्या बरण्यांचे गोल पाहून दुकानदार म्हणाला, मावशी, यात काय ठेवलं होतं? माणसांना आता काटकसरीची कदरच राहिली नाही. परत आले. पाय फार दुखतात.

२० फेब्रुवारी, दुपारी
चाचणी. कंपनीतल्या बाईंनी व्हिडिओवरून झाड उघडायला सांगितलं. मी दाराबाहेर जपाला बसले. एकशेआठ झाले, झाड अर्धंच. मग स्क्रीन निळा झाला. निळा रंग शुभ, असं मी ह्यांच्या कानात म्हटलं.
लेक तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया जातंय, असं मी म्हटलं नाही.

२३ फेब्रुवारी
सकाळच्या गाडीनं गेली. बॅग तीच, लॅपटॉपबरोबर फुकट मिळालेली. लॅपटॉप घरीच ठेवला. महिन्याभराचा प्रश्न आहे. तिथलं पाणी मानवणार नाही, येईल.

१० मार्च
फोनवर माझ्याशी एवढंच बोलते: हो, जेवले. हो, झोपते. ह्यांना मात्र सांगितलं, खोली वर्षाच्या करारानं घेतली. वर्ष म्हणजे बोलायची पद्धत असेल. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. शेवटी पत्र टाकलं. नक्कल ठेवते.

“चि. लेकीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी खोली रोज झाडते. हे लॅपटॉपवर पत्ते खेळतात, तेवढ्यानं तो तापत नाही. तुझ्या पसंतीचा तो विकला गेला. नव्वद हजारांचा एक आहे, दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगितलंय. घासाघीस केली नाही. मला त्यातलं काही कळत नाही, हे ह्यांना सांगू नकोस. तो घेतला तर तू परत येशील का? मोठं पत्र लिहायला वेळ नसेल तर नुसतं हो किंवा नाही लिही, पण उलट टपाली कळव.”