पान एकोणिसावरची लाल शाई

मी, तुळशीराम कोंडाजी घरत, वय ७६, राहणार केगाव, तालुका उरण, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात डोकं ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

१. राहतं घर पुतण्या रितेशला. अंगणात त्याने आपला कंटेनरचा ट्रेलर खुशाल लावावा, पण बाबांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं ओटीवरून हलवू नये. मिठागर गेलं, तेवढंच उरलं आहे.

२. पुस्तकं वाचनालयाला. माझी खुर्ची मात्र कोणाला देऊ नये. तिच्यावर बसून मी फार ऐट केली.

३. तीस वर्षं मी विचित्र धातूंच्या मागे होतो. साधा धातू थंड करत गेलं की त्याचा विजेला होणारा रोध वळण घेत उतरतो. हे धातू सरळ रेषेत उतरतात, आणि का, ते अजून कोणाला नीट सांगता येत नाही. मी एकेका इलेक्ट्रॉनच्या टकरा मोजत बसलो. सुट्टीत आलो की बाबांना सांगायचो. फावडं टेकून ते ऐकायचे आणि विचारायचे, "मिठाचा दाना कनच्या थेंबाचा, ता सांगशील का रं?" मी हसायचो. ते दिवस फार आठवतात.

४. अकरा वर्षांपूर्वी माझी विद्यार्थिनी जागृती हिने एक वही आणून दिली. सुटे इलेक्ट्रॉन धरूच नयेत, सगळ्यांचा मिळून एक प्रवाह धरावा, असं तिचं गणित. पान एकोणीसवर मी लाल शाईने लिहिलं, 'वाहून नेणारे नाहीत, तर वाहतं काय?' आणि पुढचं न वाचता वही कपाटात टाकली. तिने संशोधन सोडलं. आता न्हावा शेवा बंदरात कंटेनरांचं वेळापत्रक लावते. यंदा वही शेवटपर्यंत वाचली. बाबा विचारायचे तेच तिने मांडलं होतं: दाणा कुठल्या एका थेंबाचा नसतो, सगळ्या पाण्याचा असतो. ते बरोबर निघेल का, ठाऊक नाही. पण मी तिची वाट अडवली, याची लाज वाटते. ती वही तिला द्यावी.

दुरुस्ती: कलम ४ मधलं शेवटचं वाक्य रद्द. साक्षीला मी जागृतीलाच बोलावलं होतं. वकील मृणालताई म्हणाल्या, मृत्युपत्रातून काही घेणाऱ्याने त्याचा साक्षीदार होऊ नये. जागृती म्हणाली, "मग सर, आत्ताच द्या ना. मरायची वाट कशाला बघायची?" दिली.

केगाव, १२ जानेवारी २०२५
सही: तु. कों. घरत

साक्षीदार:
१. डॉ. निकेत पाटील
२. जागृती म्हात्रे. वही मिळाली. पान १९ खाली उत्तर लिहायला घेते आहे. वाचायला सर हवेत.