भिंत सरळच होती

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. खरोखर खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतात.) तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला कसा आहे ते कळव. माझी काळजी करू नकोस, इतक्या लांब येण्याची दगदग तर मुळीच नको. इकडे सगळं उत्तम आहे.

परांचीवरून पडलो ते तुला कळलंच असेल. गवंडी पडतो, त्यात विशेष नाही. पण शेजारी वाळूचा एवढा ढीग असताना मी नेमका विटांवर पडलो. मणका तडकला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला. तो तुटला नाही, हे नशीब. चार महिन्यांनी पाय चांगले हलायला लागले, तेव्हा वाटलं, झालं, आता उभं राहायचं आणि कामावर जायचं. पण उभं राहणं हेच मुळात एक काम आहे, हे पंचेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. फळीवरचा कप घ्यायला हात वर केला, तर कपाबरोबर मीही खाली आलो. व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या (आम्ही पेशंट त्यांना सावकाशबाई म्हणतो, कारण दर दोन वाक्यांत एकदा 'सावकाश'), की हात उचलायच्या आधीच पोटऱ्या आणि पाठ आवळून तोल धरून ठेवतात, आपल्याला पत्ताही नसतो. माझ्या पोटऱ्यांना हल्ली निरोप उशिरा पोचतो. पावलांकडून वर जाणारी खबरही अर्धवट. म्हणून मी डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. डोळे मिटले की आडवा.

तर एकदा बाईंनी मला आरशासमोर उभं केलं आणि सरळ व्हायला सांगितलं.

"सरळच आहे," मी म्हणालो. "तुमची भिंत कलली आहे."

तीस वर्षं भिंती बांधल्या, भिंतीच्या बाबतीत माझा शब्द कुणी मोडलेला नाही. दुसऱ्या दिवशी हिला घरून ओळंबा आणायला लावला आणि चार पेशंटांच्या साक्षीने भिंतीला लावला. तसूभर फरक नाही. मग बाईंनी तीच दोरी माझ्या कपाळाच्या मध्यावर धरली. खालचं वजन दोन पावलांच्या मध्ये यायला हवं, ते उजव्या अंगठ्यावर आलं. चौघेही पेशंट खिडकीबाहेर बघू लागले. मी हसत हसत घाईने डावीकडे सरकायला गेलो.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "जे तंतू शाबूत आहेत ते हे काम शिकतील. पण एकदा सांगून नाही, हजारदा."

तेव्हापासून रोज तेच करतो. परवा डोळे मिटून अकरा आकडे उभा राहिलो. (बारावा बाईंच्या अंगावर.) दोन महिन्यांत परांचीवर चढेन म्हणतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. परांचीचं राहू दे. डॉक्टर म्हणाले, यापुढे खालूनच काम सांगायचं.

आणखी ता. क. पत्र लिहायचं कारण हे, की मी उभा राहिलो की ही हात पुढे करून मागे उभी राहते. सात महिने झाले. काल घरी डोळे मिटून वीस मोजले, पडलो नाही. फुशारकीने मागे वळून पाहिलं, तर ही भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली होती. हात तसेच पुढे. पंधरा दिवस येशील का? हिला तिच्या आईकडे पाठवायचं आहे. आपणहून आल्यासारखं दाखव. मी बोलावलं हे कळलं तर ही जायची नाही.